मूळ पदस्थापना

चार वर्षं मी मंत्र्यांच्या वतीने उत्तरं लिहिली. मंत्र्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि ज्या आमदारांना ती उत्तरं मिळाली त्यांनाही नव्हतं. मी शिक्षक आहे. गणिताचा, मराठी माध्यमाचा, मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेचा. माझा पगार त्या शाळेतून निघायचा. बसायचो मात्र एका शिक्षण कार्यालयात, पंख्याखाली. ते कार्यालय आमच्या दोन गावांपैकी कोणत्या गावात होतं हे मी सांगत नाही. सौंसरवाल्यांना ते पांढुर्ण्यात होतं असं वाटावं आणि पांढुर्णावाल्यांना सौंसरात, म्हणजे दोन्हीकडे समाधान राहील.

तिथे मी दोन दिवसांसाठी गेलो होतो. साहेबांना एक लांबलचक पत्र हिंदीत लिहून हवं होतं आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की अमुक शाळेतले सर फार वाचतात. वाचणाऱ्या माणसाला लिहिताही येत असेल, असा एक समज सरकारी कार्यालयांत अजून टिकून आहे. पत्र झालं. साहेब म्हणाले, "सर, उद्याही या." मग तो उद्या चार वर्षं चालला. कसला आदेश निघाला नाही, कोणी काही लिहून दिलं नाही. मी येत गेलो आणि माझ्या नावाची खुर्ची तयार झाली.

माझं खरं काम म्हणजे विधानसभेचे प्रश्न. आमदार मंत्र्याला जे प्रश्न विचारतात त्यांतल्या काहींचं उत्तर मंत्री सभागृहात उभं राहून देतात. त्यावर आरडाओरडा होतो, टीव्हीवर दिसतं. बाकीच्यांचं उत्तर फक्त लिहून मिळतं. त्यात कोणी उठत नाही, कोणी बाक वाजवत नाही, आणि म्हणून लोकांना त्याची किंमत कळत नाही. माझ्या वाट्याला हे दुसरे प्रश्न आले. मला त्यांचं बरं वाटायचं. बोललेलं वाक्य हवेत विरतं आणि दुसऱ्या दिवशी "माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला" म्हणता येतं. लिहिलेल्याचा विपर्यास करायला निदान चष्मा लावावा लागतो.

असा प्रश्न भोपाळहून निघतो तो मंत्र्याच्या खात्यात जातो, तिथून संचालनालयात, तिथून जिल्ह्याला. आधी आमचा कागद छिंदवाड्याहून यायचा. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर पांढुर्ण्याहून येऊ लागला. अंतर कमी झालं, घाई तेवढीच राहिली. प्रत्येक मुक्कामावर त्याला एक नवं पत्र जोडलं जातं आणि मुदतीतला एक दिवस कमी होतो. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वर लाल अक्षरांत 'अत्यंत तातडीचे' आणि खाली 'आज दुपारी तीनपर्यंत' एवढंच शिल्लक असायचं. मोबाईल वाजला की बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, खुर्चीतूनच ओरडायचे, "सर, विधानसभा आली!" जणू बस आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दरवर्षीच्या गोटमारीत, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात तेव्हाही अधिकारी काठावर शांत चेहऱ्याने उभे असतात. तेच अधिकारी या चार ओळींच्या कागदाने पांढरे पडताना मी पाहिले आहेत.

उत्तर लिहिण्याची एक रीत आहे. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे तुकडे असतात. पहिल्या तुकड्याला "जी नहीं" म्हणता आलं तर बाकीचे आपोआप पडतात. त्यांच्यापुढे लिहायचं, 'क' च्या उत्तराच्या संदर्भात प्रश्न उपस्थित होत नाही. तक्ता मागितला असेल तर त्यात 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे काहीही नाही, पण ते इतकं भारदस्त दिसतं की वाचणाऱ्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. हे जमलं नाही तर "माहिती गोळा करण्यात येत आहे" असतंच. मी ही वाक्यं शिकलो आणि, कबूल करायला हरकत नाही, मला ती आवडू लागली. चांगल्या गद्यात एकही शब्द जास्त नसावा असं म्हणतात. आमच्या गद्यात एकही गोष्ट जास्त नसायची. अधिवेशनाच्या दिवसांत उत्तरं छापून यायची आणि मी माझी वाक्यं शोधून वाचायचो. खाली मंत्र्यांचं नाव असायचं, ते मी वाचत नसे.

शाळेची आठवण यायची, नाही असं नाही. पण शाळेला जाणारी बस सकाळी एकच होती, आणि कार्यालयात चहा दोनदा यायचा.

मग एका सप्टेंबरात ताई आल्या. ताई म्हणजे आमच्या शाळेच्या पालक समितीच्या नव्या अध्यक्ष. घरची संत्र्याची बाग, कापसाची पऱ्हाटी, मुलगी आठवीत. हातात अर्ज. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला पाहिलं आणि सरळ माझ्या टेबलाकडे आल्या.

"सर, इथं अर्ज कोन घेते?"

"मीच घेतो ताई."

"बरं झालं. मंग घ्या."

अर्जात लिहिलं होतं की आमच्या शाळेत चार वर्षांपासून गणित शिकवायला कोणी नाही, तरी गणिताचे शिक्षक देण्यात यावेत. मी तो पूर्ण वाचला. आवक रजिस्टरात नोंद केली, शिक्का मारला, पोच दिली. त्यांनी पोच नीट घडी करून पिशवीत ठेवली.

"सर, एक विचारू काय?"

"विचारा ना."

"गनिताचे सर तर तुम्हीच आहे ना आमचे?"

शेजारच्या टेबलावर बडे बाबू फार मन लावून पिना वेचू लागले.

"हो," मी म्हणालो. "पण मी सध्या इकडे आहे."

"इकडं काय करून राहिले?"

"विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं लिहितो."

"असं काय," ताई म्हणाल्या. "मी समजलो, बदली झाली असन. मंग दुसरे सर काऊन नाही देत आमाले?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते सोपं होतं. पद रिकामं असेल तरच शाळेला तात्पुरता अतिथी शिक्षक मिळतो. आमच्या शाळेतलं गणिताचं पद रिकामं नव्हतं. त्यावर मी होतो. मी तिथे नव्हतो म्हणून गणित होत नव्हतं, आणि मी तिथे होतो म्हणून दुसरा कोणी येऊ शकत नव्हता. मराठीच्या मॅडम हिंदी गाईडातून उदाहरणं वाचून दाखवायच्या आणि पोरं ती मराठीत उतरवून घ्यायची. हे मला ठाऊक होतं. पगारपत्रकावर सही करायला महिन्यातून एकदा जात होतो.

मी ताईंना हे सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी ते फार चांगल्या भाषेत सांगतोय.

ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आठवीले बोर्डावानी परीक्षा आहे यंदा. पोरगी म्हनते, मले ते काही येतच नाही. बाकी तुमचं तुम्ही पाहा. मी आता आमदारालेच विचारतो."

असं पुष्कळ लोक म्हणतात. आमदाराला विचारणं ही आमच्याकडे आकाशाकडे बोट दाखवण्यासारखी क्रिया आहे. मी मनावर घेतलं नाही.

महिन्याभरात त्या खेड्यात एका सामुदायिक भवनाचं भूमिपूजन निघालं. कार्यालयातून कोणीतरी जायला हवं म्हणून मला पाठवलं. भवन अजून नव्हतं, पण त्याची संगमरवरी पाटी तयार होती आणि तिच्यावर इतकी नावं होती की भवन तिच्यापेक्षा मोठं बांधावं लागणार होतं. कुदळीला रिबन बांधली होती. माईकवाल्याने आमदारांना चार विशेषणं लावली आणि पाचवं आठवेना म्हणून पहिलं पुन्हा लावलं. मग हारांची रांग लागली. रांगेत ताई होत्या. त्यांच्या हातात हार होता, आणि हाराखाली कागद. हार गळ्यात गेला आणि कागद आमदारांच्या हातात राहिला.

आमदारांना तो वाचावा लागला, कारण हातात दुसरं काही नव्हतं आणि मागे फोटोवाला उभा होता. वाचून म्हणाले, "ठीक आहे ताई, मी बोलतो साहेबांशी."

"बोलू नका," ताई म्हणाल्या.

आमदार हसले. "मग काय करू?"

"लिहून विचारा. तिकडं भोपाळले. आमचे सर तिथलीच उत्तरं लिहितेत, त्याहिनच सांगतलं मले. बोललेलं इथं कोनी आयकत नाही, लिहिलेलं तरी वाचा लागते."

माणसं हसली. मी मंडपाच्या खांबाआड होतो. खांब बारीक होता. आमदारांनी विचारलं, "कोणते सर?" ताईंनी सरळ माझ्याकडे हात केला. आमदारांनी मला नमस्कार केला आणि कागद सहायकाकडे देऊन म्हणाले, "लावू प्रश्न." ते खरंच लावतील असं मला वाटलं नव्हतं. या बाबतीत माझा अंदाज चुकला, आणि त्यांच्याविषयी तेवढं चांगलं लिहिणं भाग आहे.

हिवाळी अधिवेशनाच्या आधी एके दुपारी बडे बाबू ओरडले, "सर, विधानसभा आली!" मग कागद पाहून हळूच म्हणाले, "सर, तुमचीच आली."

प्रश्न स्वच्छ होता. (क) या जिल्ह्यातल्या शाळांचे शिक्षक शिकवणं सोडून कार्यालयांत संलग्न आहेत काय? (ख) असल्यास कोण, कधीपासून, कोणाच्या आदेशाने? (ग) त्यांच्या शाळेत त्यांचा विषय कोण शिकवतं? (घ) त्यांना शाळेत केव्हा परत पाठवणार? मी तो दोनदा वाचला. इतका चांगला प्रश्न चार वर्षांत आला नव्हता.

साहेबांकडे घेऊन गेलो. साहेब भला माणूस. निवृत्ती जवळ आली होती आणि तिच्या आड काही येऊ नये एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

"लिहा, जी नहीं," ते म्हणाले.

"साहेब, मी?"

"तुमचं काय?"

"मी संलग्न आहे ना."

"आदेश आहे काय तुमचा?"

"नाही."

"मंग संलग्न कसे झाले तुम्ही? तुम्ही तर इथं असेच येऊन राहिले."

"मग चार वर्षं मी इथं काय केलं?"

साहेबांनी जरा विचार केला. "सहकार्य," ते म्हणाले.

मी जागेवर येऊन लिहिलं. (क) जी नहीं. (ख), (ग), (घ), प्रत्येकापुढे प्रश्न उपस्थित होत नाही. तक्त्यात निरंक. चार वर्षांत मी किती प्रश्न उपस्थित होऊ दिले नाहीत याचा हिशेब नाही, पण ते लिहिताना कधी हात थांबला नव्हता. या वेळी 'ग' पाशी थांबला. त्यांच्या शाळेत त्यांचा विषय कोण शिकवतं? मग पुढे गेला. तीन वाजायला आले होते.

त्या वेळी वरून नवा नमुना आला होता. आधीच्या कुठल्याशा अधिवेशनात कोणाची तरी माहिती चुकीची निघाली होती, म्हणून जबाबदारी ठरावी यासाठी प्रत्येक तक्त्याच्या खाली माहिती तयार करणाऱ्याची सही मागितली होती. सहीच्या खाली तीन चौकटी होत्या: नाव, पद, मूळ पदस्थापना. मी नाव लिहिलं. पदापुढे 'माध्यमिक शिक्षक (गणित)' लिहिलं. मूळ पदस्थापनेपुढे शाळेचं पूर्ण नाव लिहिलं, गाव आणि तहसिलीसकट. साहेबांनी उजवीकडे सही केली आणि खाली कार्यालयाचा शिक्का मारला. वर लिहिलं होतं की एकही शिक्षक कार्यालयात काम करत नाही, आणि खाली लिहिलं होतं की हे कार्यालयात बसून अमुक शाळेच्या गणिताच्या शिक्षकाने लिहिलं आहे. कागद स्कॅन होऊन तीनला पाच मिनिटं कमी असताना गेला. जिल्ह्याने पाहिला, संचालनालयाने पाहिला, मंत्रालयानेही पाहिला असेल. वरची ओळ सगळ्यांनी तपासली. खालची कोणी वाचत नाही.

हे मी मुद्दाम केलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. मी स्वतःलाही विचारलं. खरं सांगायचं तर फॉर्ममधली रिकामी चौकट मला बघवत नाही. इतकी वर्षं फॉर्म भरणाऱ्या माणसाचा हात चौकटीकडे आपोआप जातो आणि खरं तेच लिहितो, कारण तिथे खोटं लिहायला कोणी सांगितलेलं नसतं. यापेक्षा जास्त माहिती माझ्याकडे नाही.

डिसेंबरात उत्तर छापून आलं. सोबतचा तक्ता आमदारांच्या कार्यालयातून ताईंच्या हाती पडला. बागेत संत्र्याची तोड चालू होती, तरी त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. या वेळी माझ्याकडे आल्या नाहीत. सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं.

"साहेब, हे वाचता काय जरा? मले हिंदी बराबर समजत नाही."

साहेबांनी वाचलं. "ताई, यात लिहिलं आहे की आपल्याकडे कोणी शिक्षक संलग्न नाही."

"हाव. आन् खाली?"

साहेबांनी चष्मा लावला. खाली वाचलं. मग पुन्हा वर वाचलं. मी माझ्या जागेवर बसून छताकडे पाहत होतो. पंखा चालू होता.

"ताई, चहा घ्या."

"चहा नाही घेत. मी फक्त विचारून राहिलो, वरचं खरं का खालचं?"

साहेबांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. बडे बाबूंनी या वेळी पिना सोडून दिल्या होत्या.

"कारन का," ताई म्हणाल्या, "अधिवेशन अजून चालू आहे म्हने. आमदाराचा मानूस म्हने का खोट्या उत्तरासाठी तिकडं येक समिती रायते. तिथं पुन्हा विचारता येते. लिहून."

'लिहून' हा शब्द त्यांनी वेगळा काढून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. भूमिपूजनाच्या दिवशीचे सगळे माईक मिळूनही एवढं ऐकू आलं नव्हतं.

त्या गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना रागवायला वेळ नव्हता.

"सर, उद्यापासून शाळेत जा."

"कार्यमुक्तीचा आदेश?"

"कशातून कार्यमुक्त करू? तुम्ही इथं होतेच कुठं?"

हेही बरोबर होतं. मी ड्रॉवरमधलं माझं पेन, एक वाचायला आणलेलं पुस्तक आणि चहाचा कप घेतला. बडे बाबूंनी दारापर्यंत सोबत केली. म्हणाले, "सर, आता विधानसभा आली तर पाहाव कोनाकडं?" मी म्हणालो, "निरंक लिहा." ते हसले नाहीत.

सकाळच्या त्या एकाच बसने मी शाळेत गेलो. बसथांब्यापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला संत्र्याच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. आठवीच्या वर्गात गेलो तर पोरं उभी राहिली आणि बसायला विसरली. मी तपासणीला आलेला कोणीतरी साहेब आहे असं त्यांना वाटलं. बसा म्हटल्यावर बसली. फळ्यावर मी एक साधं समीकरण लिहिलं. चार वर्षांत खडूची सवय गेली होती, हात वाकडा जात होता. दुसऱ्या ओळीला मला कळलं की यांना हे सांगण्याआधी सहावीचं सांगावं लागेल, आणि सहावीच्या आधी पाचवीचं. पुढच्या बाकावर ताईंची मुलगी होती. तिने हात वर केला.

"सर, ह्या बाजूचं तिकडं नेलं तर वजा काऊन होते?"

मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात जे वाक्य आलं ते 'प्रश्न उपस्थित होत नाही' हे होतं. सवय ती सवय. मग तराजू काढला. म्हणजे फळ्यावर काढला. दोन्ही पारड्यांत संत्री ठेवली आणि एकेक उतरवू लागलो. तो तास त्यातच गेला. दुसऱ्या दिवशीचाही गेला.

जानेवारी गेला. आम्ही सहावीचं संपवलं, सातवीतलं निम्मं केलं, आणि आठवीच्या पुस्तकाला हात घातला. सगळं होणार नाही हे मला दिसत होतं, पोरांनाही दिसत होतं. मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर न समजलेल्याची यादी करायची आणि समजलं की ओळ खोडायची. ती यादी मी रोज पाहायचो. विधानसभेची छापील उत्तरं मी कधी इतक्या काळजीने वाचली नव्हती.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना अर्थसंकल्पाचं अधिवेशन सुरू होणार होतं. एका सकाळी वर्गात असतानाच फोन वाजला. साहेब होते.

"सर, कसे आहात? अहो, सात प्रश्न आलेत एकदम. बडे बाबूंना काही सुधरून नाही राहिलं. फक्त दोन दिवस या."

फळ्यावर अर्धं उदाहरण होतं. पोरांना फोनमधला आवाज ऐकू येत होता, साहेब मोठ्याने बोलतात. ताईंच्या मुलीने पेन खाली ठेवलं आणि वही मिटली. तिला दोन दिवस म्हणजे किती हे तिच्या आईने सांगितलेलं असावं.

"येतो साहेब," मी म्हणालो. "तुम्ही लेखी आदेश पाठवा. कोणाला, कधीपासून, कोणाच्या सहीने, आणि त्या काळात इथं गणित कोण शिकवेल, एवढं त्यात असू द्या."

फोनमध्ये पंख्याखाली कागद चाळल्याचा आवाज आला.

"पाहतो," साहेब म्हणाले.

मी फोन खिशात टाकला आणि उदाहरण जिथे सोडलं होतं तिथून पुढे घेतलं. मुलीने वही उघडली.

आदेश अजून आलेला नाही. आला तर जावं लागेल, नियम आहे.